रुळाला तडा दिसला तर काय करायचं (नव्या ट्रॅकमनसाठी, आणि रुळाकाठी राहणाऱ्यांसाठीही)

रेल्वेच्या ग्रुप डीमधून ट्रॅकमन म्हणून (रुळाची देखभाल करायला) नुकतेच लागलात आणि ऐन थंडीत बीटवर, म्हणजे नेमून दिलेल्या रुळाच्या पट्ट्यावर, पाठवलंय, अशा पोरांसाठी हे लिहितोय. ट्रेनिंगमध्ये सगळं सांगतात हो, पण पहाटे साडेचारला कानटोपी घालून एकटं चालताना त्यातलं निम्मं डोक्यातून उडालेलं असतं, माझंही तेच झालं होतं.

आधी थंडीतच रूळ का तुटतो ते बघू. पूर्वी १३ मीटरवर सांधा असायचा, आता वेल्ड मारून रूळ लांबच लांब केलेत, त्यामुळे गारठ्यात आखडायला त्याला जागाच नाही. गिट्टी, स्लीपर आणि पेंड्रोल क्लिपा मिळून त्याला जखडून ठेवतात आणि तो आतल्या आत ताणला जातो. मीटरला ६० किलोवाला रूळ घ्या, एका डिग्रीला साधारण १.९ टन ताण येतो. रूळ ४० डिग्रीला डिस्ट्रेस केला (म्हणजे त्यातला ताण मोकळा करून जखडला) असेल आणि विदर्भात जानेवारीच्या रात्री तो १० वर आला तर झाले ३० डिग्री, म्हणजे एकेका रुळात ५७ टन! डिस्ट्रेसिंगच्या तापमानाखाली ३० डिग्री गेलं की थंडीचं पेट्रोलिंग लागतं ते यासाठीच, साहेबांना तुम्हाला गारठवायची हौस नाही.

बघायचं काय? जाताना एक रूळ, येताना दुसरा, आणि प्रत्येक वेल्डपाशी पाय जरा हळू. चाकं फिरून रुळाचा माथा आरशासारखा चकाकतो, त्यावर आडवी काळी केसाएवढी रेघ दिसली की बसून बघा. तडा जुना असेल तर बाजूने तांबूस गंज ओघळलेला असतो. खालून, फुटाच्या (रुळाच्या तळपट्टीच्या) बाजूने सुरू झालेला तडा मात्र वरून दिसत नाही, तिथे टॉर्च तिरपा मारायचा. यूएसएफडीवाले (अल्ट्रासोनिक यंत्राने रुळाच्या आतला दोष शोधणारे) दोष सापडला की लाल रंगाने फुल्या मारून जातात, एक फुली म्हणजे नजर ठेवा, तीन फुल्या म्हणजे तो तुकडा लवकरात लवकर बदलायचाय. तीन फुल्यांपाशी मी तर दोनदा वाकतो.

आणि एक, सिग्नल हिरवा आहे म्हणजे रूळ धड आहे असं समजू नका. ट्रॅक सर्किट (रुळातून करंट सोडून गाडी आहे का ते ओळखणारी यंत्रणा) असेल तर रूळ पूर्ण तुटल्यावर सिग्नल लाल होऊ शकतो, पण टोकं एकमेकांना टेकून असली तर करंट जातच राहतो. एक्सल काउंटरवाल्या सेक्शनमध्ये तर प्रश्नच नाही, ते यंत्र फक्त चाकांच्या जोड्या मोजतं, रुळाशी त्याला काही देणंघेणं नाही.

आता तडा सापडला. माझ्या पहिल्या वेळेला मी काय केलं असेल? मोबाईल काढला आणि फोटो काढत बसलो, ग्रुपवर टाकायला! करंगळीचं टोक जाईल एवढी फट, खाली दव पडून ओली झालेली गिट्टी, आणि मी फ्लॅश मारतोय. मागून मुकादम काका ओरडले, "अरे फोटो नंतर, आधी गाडी!" ताशी ११० किमीच्या गाडीला १२०० मीटर यायला चाळीस सेकंदही लागत नाहीत आणि तुम्हाला गिट्टीतून तेवढंच अंतर धावायला पाच-सात मिनिटं तरी लागतात, त्यामुळे रूळ नंतर बघा, कुठे जात नाही तो.

तर क्रम असा. वॉकीटॉकी किंवा फोनवर स्टेशन मास्तरला किलोमीटर नंबर आणि लाईन सांगा, पण उत्तराची वाट बघत उभं राहू नका, बोलता बोलताच निघा. तड्यापाशी लाल झेंडा रोवा, दुसरा हातात धरून गाडी येणार त्या बाजूला पळा (रात्री लाल दिवा). ६०० मीटरवर एक फटाका (रुळावर बांधायचा, चाकाखाली फुटून लोको पायलटला सावध करतो तो), मग १२०० मीटरवर तीन, दहा-दहा मीटर अंतराने. फटाक्याच्या पट्ट्या रुळाच्या माथ्याला नीट दाबून वळवा, सैल राहिला तर पडतो. मग फटाक्यांपासून ४५ मीटर तरी लांब उभं राहून लाल दाखवत राहा. सिंगल लाईन असेल तर दोन्ही बाजू सांभाळाव्या लागतात, गाडी जिकडून आधी यायची ती बाजू आधी. पिशवीत फटाके दहा असतात, चार इकडे, चार तिकडे, दोन राखीव, म्हणून कमी भरलेली पिशवी घेऊन बीटवर जाऊ नका, ड्युटीवर चढतानाच मोजा.

रुळाकाठी राहणाऱ्यांनो, तुमच्याकडे झेंडा नसणार, चालेल. दोन्ही हात डोक्यावर उंच करून लोको पायलटला दिसतील असे उभे राहा, लाल साडी, गमछा काहीही हलवा. रात्री दिवा, मोबाईलचा टॉर्चसुद्धा, जोरजोरात हलवला तर तो थांबण्याचाच इशारा धरतात. उभं राहायचं ते रुळाच्या बाजूला, मधे नाही. दगड, ओंडका वगैरे रुळावर अजिबात टाकू नका, त्यानेच गाडी घसरेल. जवळ फाटक असेल तर एकाला गेटमनकडे पळवा, त्याच्याकडे स्टेशनचा फोन असतो. नाहीतर १३९ लावा आणि विजेच्या खांबावरचा नंबर वाचून सांगा, "त्या बाभळीपाशी" सांगून कोणालाच कळत नाही.

पुढचं काम गँगचं. जॉगल फिशप्लेट (वेल्डचा फुगवटा मधे बसावा म्हणून ती पोटात वाकवलेली असते) लावून क्लॅम्प आवळतात. फट ३० मिमीपर्यंत असेल तर मधे तुकडा घालावा लागत नाही. पहिली गाडी २० ने, नंतरच्या ३० ने. पक्कं वेल्डिंग होईपर्यंत तिथे एक माणूस बसवतात आणि तो बहुतेक नवा पोरगाच असतो, म्हणजे तुम्ही. दर गाडीनंतर क्लॅम्प हाताने चाचपायचा, सैल वाटला तर पुढची गाडी थांबवायची. आणि चहाचा थर्मास घरूनच न्या, आणून देतो म्हणणारा दुपारी उगवतो.