झाडातली साखर अडते कुठे? या चुका टाळा

एका कोवळ्या झाडाला काठीचा आधार देऊन मी नायलॉनच्या दोरीने बांधलं आणि दोरी सैल करायची राहून गेली. दोन वर्षांनी पाहिलं तर दोरी सालीत रुतलेली, तिच्या वरचं खोड गाठीसारखं फुगलेलं आणि खालचं होतं तेवढंच बारीक. पानं मात्र हिरवीगार, म्हणून तोवर शंकाच आली नव्हती.

इथेच बहुतेकांची फसगत होते. पाणी वर नेणाऱ्या जलवाहिन्या आत लाकडात असतात, तर साखर नेणाऱ्या रसवाहिन्या सालीच्या आतल्या थरात. दोरी आधी सालीलाच आवळते. पाणी चढत राहतं, पण पानांत तयार झालेली साखर दोरीपाशी तुंबते आणि मुळं उपाशी पडतात. पानं सुकायला लागतात तेव्हा मुळं कधीच खंगलेली असतात. सतराव्या शतकात इटलीचे शास्त्रज्ञ मार्चेल्लो माल्पिघी यांनी खोडावरून सालीचं कडं काढलं, तेव्हा त्यांनाही कड्याच्या वर अशीच सूज दिसली होती. म्हणून बांधायचं तर मऊ कापडाच्या पट्टीने, इंग्रजी आठच्या आकड्यासारखं सैल, आणि दर दोन-तीन महिन्यांनी बोट घालून पाहायचं. रुतलेली दोरी ओढून काढू नका, साल सोलली जाईल. जागोजागी कापा आणि सहज निघेल तेवढीच काढा.

‘जलवाहिनी वर, रसवाहिनी खाली’ हे पाठांतरही सोडायला हवं. बटाटा पोसला जातो तेव्हा साखर पानांकडून कंदाकडे जाते, आणि त्याच कंदाला कोंब फुटतात तेव्हा कंदाकडून वर. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ एर्न्स्ट म्युंख यांनी १९३० मध्ये याचं कारण मांडलं. पानाजवळ रसवाहिनीत साखर भरली जाते, तिच्यामागे शेजारच्या जलवाहिनीतलं पाणी आत शिरतं आणि दाब वाढतो. जिथे साखर उतरवून घेतली जाते तिथे दाब कमी होतो, आणि रस तिकडे ढकलला जातो, साधारण तासाला एक मीटर या वेगाने. मला यातली साधेपणाची कमाल अजूनही थक्क करते. पाण्याचा ताण पडला की हा प्रवाहही मंदावतो, हे ओघाने आलंच.

म्हणून कंदवर्गीय फुलझाडांची फुलं ओसरल्यावर पानं लगेच छाटू नका. ती पिवळी पडेपर्यंत कंद भरत असतात. फळाशेजारची निरोगी पानं ‘उगाच अन्न खातात’ म्हणून तोडणं तर उलटंच, कारण फळाला बरीचशी साखर तिथूनच मिळते. कोवळं पान बाहेरून साखर घेतं, पण वाढ पूर्ण झालेलं पान सहसा घेत नाही. त्यामुळे दाट सावलीत सापडलेलं जुनं पान पिवळं पडून गळतं, त्याला कोणी पोसत नाही.

मुळाशी साखरपाणी ओतू नका. त्याने झाडाऐवजी मातीतले सूक्ष्मजीव फोफावतात, आणि ते नत्रही खाऊन टाकतात.

पानं चिकट लागली तर झाड रस गाळतंय असं समजू नका. पान उलटून मावा ही रस शोषणारी बारीक कीड शोधा. त्याची सोंड रसवाहिनीत शिरली की दाबानेच रस आत येतो आणि नको असलेली साखर मागून थेंबाथेंबाने बाहेर पडते. संशोधकांनी मावा बेशुद्ध करून त्याची सोंड कापली, तर उरलेल्या तुकड्यातून रस तासन्‌तास ठिबकत राहिला.