ड्रोन पॅनोरमा: उडवण्याआधीपासून जोडणीपर्यंत

पॅनोरमा, म्हणजे चहूबाजूंचे फोटो जोडून केलेलं एकच चित्र, बिघडतो तो बहुतेक वेळा जमिनीवरच. म्हणून ड्रोन हातात असतानाच फाइलचा प्रकार रॉ (कॅमेऱ्याचा कच्चा डेटा) आहे का बघा, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 100 ला बांधा आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा ठरवणारी सेटिंग) ऑटोवरून काढून एका आकड्यावर ठेवा. स्वच्छ उन्हात 5500 केल्विनच्या आसपास. आकडा थोडा चुकला तर नंतर बदलता येतो, फक्त तो सगळ्या फ्रेमना एकच हवा. मी एकदा हे विसरलो. पाण्याकडच्या फ्रेम एका छटेच्या, मातीकडच्या दुसऱ्या, आणि जोडल्यावर आकाशाला ठिगळं लावल्यासारखं दिसत होतं. पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) असेल तर उतरवा. सूर्याशी कोन बदलला की त्याचा परिणामही बदलतो आणि निळ्या आकाशात मधेच गडद पट्टा उमटतो. बॅटरी, कार्डातली जागा, उडवायची परवानगी हे वेगळं सांगायला नको.

वर गेल्यावर लगेच फोटो काढू नका. आधी एक पूर्ण गिरकी घ्या आणि हिस्टोग्रामवर, म्हणजे स्क्रीनवरच्या उजेडाच्या आलेखावर, नजर ठेवा. सर्वांत उजळ बाजूचे ढग उजव्या कडेला आदळणार नाहीत असा शटरचा वेग मॅन्युअलवर धरा, मग शेवटपर्यंत त्याला हात लावू नका. उलट्या बाजूची जमीन स्क्रीनवर काळपट दिसेल, दिसू द्या. रॉमधून सावल्या बऱ्याच उचलता येतात, जळालेला ढग परत येत नाही. सूर्य फ्रेममध्येच येत असेल तर ब्रॅकेटिंग करा (एकाच दृश्याचे कमी-जास्त उजेडाचे फोटो), पण प्रत्येक दिशेला तेच तीन शटर-वेग.

24 मिमी समतुल्य (फुल-फ्रेम कॅमेऱ्याच्या हिशेबाने) लेन्सला आडव्या फ्रेममध्ये साधारण 70 अंश दिसतात. दर 45 अंशांनी वळलं की 8 फ्रेम होतात आणि शेजाऱ्यांत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त ओव्हरलॅप मिळतो. गिंबल (कॅमेरा धरून कलवणारा भाग) क्षितिजावर, मग 30 अंश खाली, मग 60, प्रत्येक ठिकाणी या 8 फ्रेम, शेवटी सरळ खाली एक: एकूण 25. कॅमेरा ड्रोनच्या फिरण्याच्या अक्षावर नसतो, थोडा पुढे असतो. दूरच्या डोंगराला त्याचा फरक पडत नाही, पण जवळचा मनोरा जोडावर तुटतो. तेव्हा अंतर राखा, आणि वारा असेल तर रेंगाळू नका.

घरी आल्यावर एकच फ्रेम नीट करा: लेन्स प्रोफाइल (लेन्समुळे आलेल्या वाकडेपणाची दुरुस्ती), कडांचा काळोख, रंग. तीच सेटिंग बाकीच्यांवर चिकटवा. ऑटोचं बटण टाळा. ते प्रत्येक फोटोचा हिशेब वेगळा करतं आणि वर केलेली सगळी मेहनत फुकट जाते. डीहेझही (धूसरपणा काढणं) जोडणीनंतरच, नाहीतर उरलासुरला काळोख ठळक होतो. मग 16 बिट टिफ फाइल म्हणून सेव्ह करा.

जोडणीसाठी हगिन हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे. लाटांवर आणि ढगांवर पडलेले कंट्रोल पॉइंट (दोन फ्रेममधली एकच जागा दाखवणाऱ्या खुणा) काढून टाका, इमारतींच्या कोपऱ्यांवर हाताने घाला. क्षितिज डुलत असेल तर उभ्या रेषांवर कंट्रोल पॉइंट द्या. एवढं करूनही पट्टे राहिले तर फोटोमेट्रिक ऑप्टिमायझेशन चालवा. ओव्हरलॅपमधल्या फरकावरून ते उजेड आणि कडांचा काळोख जुळवतं. अर्धवट कापलेली गाडी किंवा होडी एका फ्रेममध्ये मास्क करा, म्हणजे झाकून टाका.

डोक्यावरचं आकाश कॅमेऱ्याला दिसलेलंच नसतं, ते भरावं लागतं. शेवटी 2:1 चं (उंचीच्या दुप्पट रुंद) चित्र आडवं अर्ध्या रुंदीने सरकवून बघा. डावी-उजवी कड मधोमध येते, आणि तिथला जोड तेव्हाच दिसतो.