शेजारच्या झाडाची फांदी आपल्या हद्दीत आली? करवत उचलण्याआधी या चुका टाळा

बरोबर हद्दीवर कापलेली फांदी दोन वर्षांनी जवळ जाऊन बघा. भिंतीपलीकडे दोन-तीन हात लांबीचा खुंट उरलेला असतो. त्याची साल सुटून लोंबत असते, लाकूड काळं पडलेलं असतं, नख दाबलं तर आत रुततं. ही कुज हळूहळू बुंध्याकडे सरकते. कापणाऱ्याने कायदा मोडलेला नसेलही, पण झाड मात्र बिघडलेलं असतं.

झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड ती नव्या लाकडाने झाकून टाकतं. फांदी जिथे बुंध्यातून निघते तिथे एक फुगीर, सुरकुतलेली वळी दिसते. झाकण्याचं काम तिथून होतं. म्हणून काप वळीच्या लगेच बाहेर हवा. वळीच कापली तर जखम मोठी होते आणि लांब खुंट ठेवला तर तो कुजतो. आता खरी गोम अशी की ही वळी बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या हद्दीत असते. तुमचा हक्क हद्दीपाशी संपतो आणि कापायची योग्य जागा त्याच्या पलीकडे. मधल्या त्या चार-पाच फुटांसाठी शेजाऱ्याचा होकार लागतो. म्हणूनच हक्क कितीही पक्का असला तरी आधी बोलून घ्या, असं मी आग्रहाने सांगते.

बोलण्यातही एक चूक हमखास होते. ‘तुमच्या झाडाचा फार त्रास होतो’ असं म्हटलं की समोरचा झाडाच्या बाजूने उभा राहतो. त्याऐवजी, ‘या फांदीची पानं आमच्या पन्हळीत अडकतात, पाणी भिंतीत मुरतंय, जरा वर येऊन बघता का?’ असं म्हणा. त्याला गच्चीवर न्या, ओल दाखवा. अनेकदा झाडाच्या मालकाने आपली फांदी पलीकडून कधी पाहिलेलीच नसते.

‘माझ्या हद्दीत आली म्हणजे माझी’ हा समज सगळीकडे चालत नाही. इंग्लंडमध्ये हद्द ओलांडून आलेला भाग स्वतःच्या जागेत उभं राहून कापता येतो, पण कापलेल्या फांद्या आणि फळं झाडमालकाचीच राहतात. जर्मनीत आधी वाजवी मुदत द्यावी लागते. फ्रान्समध्ये मुळं स्वतः तोडता येतात, फांद्या मात्र मालकाकडूनच कापून घ्याव्या लागतात. जपानने 2023 पासून, सांगूनही मालकाने वाजवी मुदतीत फांदी कापली नाही तर शेजाऱ्याला ती कापायची मुभा दिली. हा वाद जुनाही आहे: इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातल्या रोमच्या बारा पाट्यांच्या कायद्यातही शेजाऱ्यावर पडणाऱ्या सावलीसाठी फांद्या छाटण्याबाबत 15 फूट उंचीचा उल्लेख येतो. तुमच्या भागातला नियम स्थानिक कार्यालयात विचारा. काही झाडांना संरक्षण असतं आणि मालकालाही परवानगीशिवाय हात लावता येत नाही.

कुंपण म्हणजेच हद्द असंही धरू नका. कुंपण सोयीने घातलेलं असू शकतं, म्हणून शंका असेल तर आधी मोजणी. बुंधाच हद्दीवर असेल तर अनेक ठिकाणी झाड दोघांचं मानलं जातं.

जाड फांदी वरून एका दमात कापणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. अर्ध्यावर फांदी स्वतःच्या वजनाने मोडते आणि बुंध्याची साल खालपर्यंत सोलून नेते. आधी वळीपासून फूटभर अंतरावर खालून एक खाच घ्या, मग थोडं पुढे सरकून वरून कापा, आणि वजन उतरल्यावर उरलेला खुंट वळीपाशी काढा. एका बाजूचा सगळा विस्तार उतरवू नका, झाडाचा तोल जातो. शेंडाही छाटू नका, तिथून येणारे फुटवे कमकुवत जोडाचे असतात आणि वाऱ्यात तुटतात. फांद्यांत घरटं असेल तर पिल्लं उडेपर्यंत थांबा. फांदी विजेच्या तारेजवळ असेल तर स्वतः अजिबात कापू नका, वीज कंपनीला कळवा.

रागाच्या भरात मुळाशी मीठ किंवा विषारी औषध ओतणारेही असतात. त्याने माती दोन्हीकडची खराब होते, आणि वाळलेलं झाड पडेल ते कदाचित तुमच्याच छतावर.

चुकीचं कापून झालंच असेल तर शेजाऱ्याला विचारून खुंट वळीपर्यंत नीट काढून घ्या. कापावर रंग किंवा डांबर लावू नका, त्याने कुज थांबत नाही. खूप छाटणी झाली असेल तर वर्षभर झाडाला हात लावू नका.

शेजारी दादच देत नसेल तर फोटो आणि तारखेसह, मुदत घालून लेखी कळवा. वाळलेल्या किंवा तडकलेल्या फांदीबद्दल तर नक्कीच. धोका माहीत असूनही मालक गप्प बसला, हे पुढे नुकसानभरपाईच्या वेळी महत्त्वाचं ठरतं. आणि जमलं तर कोणती फांदी, कुठपर्यंत, खर्च कोणाचा, कचरा कोण उचलणार हे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. फांदी पुन्हा वाढणारच, तेव्हा पुढच्या छाटणीचा महिनाही त्यातच लिहून ठेवा.