कापसाच्या गाठीमागचा कार्बन: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

यवतमाळ, वर्धा, अकोल्याकडची बरीच मुलं आता विचारतात की कंपन्यांच्या कार्बन हिशोबाचं काम नेमकं काय असतं आणि त्यात शिरायचं कसं. कोणी शेतकीचं शिकलेलं असतं, कोणी वाणिज्यचं, कोणी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेलं. मी कापसाच्या पुरवठा साखळीत हे काम करतो. वावरापासून जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करून रुई काढणं) आणि पुढे सूतगिरणीपर्यंत तापमान वाढवणाऱ्या वायूंचं किती उत्सर्जन झालं ते मोजायचं, आणि कुठे कमी करता येईल ते खरेदीदार कंपनीला सांगायचं. त्या अनुभवावरून हे लिहितो आहे.

पुस्तकी भाग थोडक्यात सांगतो, कारण तो कुठेही शिकता येतो. जीएचजी प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे कंपन्यांच्या उत्सर्जनाचा हिशोब ठेवण्याच्या जगभर वापरल्या जाणाऱ्या नियमावलीत, कंपनीने स्वतः जाळलेलं इंधन स्कोप १ मध्ये येतं, विकत घेतलेली वीज स्कोप २ मध्ये आणि बाकीची सगळी साखळी स्कोप ३ मध्ये. स्कोप ३ चं मानक २०११ मध्ये आलं, त्यात १५ प्रकार आहेत. कपडे विकणाऱ्या कंपनीचं बहुतेक उत्सर्जन इथेच असतं, म्हणजे तिच्या मालकीच्या नसलेल्या वावरांत आणि कारखान्यांत. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल, सक्तीचा केला. परदेशी खरेदीदारही आकडे मागतात. त्यामुळे या कामाला माणसं लागू लागली आहेत.

बऱ्याच कंपन्या सुरुवात खर्चावरून करतात. कापसावर इतके रुपये गेले, त्याला रुपयामागच्या सरासरी उत्सर्जनाने गुणलं की झालं. याचा परिणाम बघा. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२३-२४ मध्ये क्विंटलला ७,०२० रुपये होता, २०२४-२५ मध्ये तो ७,५२१ झाला. खरेदी हमीभावानेच झाली असं धरलं आणि कापूस तेवढाच घेतला, तरी कंपनीचं उत्सर्जन कागदावर सात टक्के वाढतं. वावरात मात्र काहीच बदललेलं नसतं. उलट एखाद्या कास्तकाराने खताचा वापर सुधारून खरोखर उत्सर्जन कमी केलं, तर त्याची कुठे नोंदच होत नाही. वावरात झालेल्या बदलाने जो आकडा हलत नाही, त्याच्या आधारे कपात कशी ठरवणार? म्हणून नवख्याने पहिल्यापासून थैल्या, किलो, लिटर आणि युनिट यांच्या मागे लागावं.

हा हिशोब हाताने एकदा करून बघाच. युरियाची थैली ४५ किलोची, त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे २०.७ किलो. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या समितीच्या २००६ च्या गृहीतकानुसार त्यातलं एक टक्का नत्र नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने हवेत जातं. नत्राच्या वजनावरून वायूचं वजन काढायला त्याला ४४ भागिले २८ ने गुणलं की साधारण ०.३३ किलो वायू येतो. शंभर वर्षांच्या हिशोबात त्याचा तापमानवाढीवरचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट धरतात, म्हणजे सुमारे ८९ किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. पुढचे उत्सर्जनाचे किलोही याच मापात आहेत. शिवाय युरियातला कार्बन मातीत सुटतो, तो ३३ किलो. एका थैलीमागे १२२ किलो झाले, आणि कारखान्यात युरिया बनवतानाचं उत्सर्जन वेगळंच.

आता कोरडवाहू एकराला दोन थैल्या आणि पाच क्विंटल कापूस धरा. रुईचा उतारा ३४ टक्के धरला तर १७० किलो रुई, म्हणजे बरोबर एक गाठ. तिच्या आणि तिच्यासोबत निघणाऱ्या सरकीच्या मागे एकट्या युरियाचे २४४ किलो आले. तीच गाठ शंभर गाठींच्या ट्रकमधून कोइम्बतूरला पाठवली, अंतर १,२०० किलोमीटर आणि लिटरला चार किलोमीटर धरले, तर डिझेल ३०० लिटर लागतं. लिटरमागे २.६८ किलो धरले तर गाठीच्या वाट्याला आठ किलो येतात. ट्रक डोळ्यांना दिसतो, म्हणून बैठकीत आधी वाहतुकीवरच बोलणं सुरू होतं. अशा वेळी हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडायचे.

थैल्यांचा आकडा मिळवणं हे खरं कौशल्याचं काम आहे. कृषी केंद्राच्या पॉस मशीनची पावती असते, पण ती खरेदी सांगते, वापर सांगत नाही. थैली भावाच्या नावावर घेतलेली असू शकते, अर्धी हरभऱ्याला ठेवलेली असू शकते. "यंदा किती युरिया टाकला?" असं विचारलं की ठोकळ उत्तर येतं. त्याऐवजी पेरणीपासून पुढे सरका: पहिल्या डवरणीनंतर टाकला का, तेव्हा पाऊस कसा होता? मग आठवण उघडते. "झिमझिम पाणी होतं तवा टाकला जी, अन् तुरीलेबी देल्ला थोडासा." या एका वाक्यात वेळ, ओलावा आणि दुसरं पीक तिन्ही आलं. आपली वऱ्हाडी इथे कामी येते, तिची लाज बाळगू नका. आणि हा आकडा कशासाठी हवा, तो कुठे जाणार, हे कास्तकाराला आधी सांगा. माहिती त्याची आहे.

जिनिंगमध्ये तुलनेने सोपं असतं. महावितरणची बिलं आणि जनरेटरचं डिझेल घ्या, पण पूर्ण हंगामाचं. एका महिन्याच्या बिलाला त्या महिन्याच्या गाठींनी भागलं, तर सुरुवातीचे आणि शेवटचे महिने आकडा फुगवतात. ग्रिडच्या युनिटमागे साधारण ०.७ किलो बसतात, नेमका गुणांक केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी प्रसिद्ध करतं. खरी अडचण ढिगाची आहे. खेडा खरेदीतला कापूस एकदा ढिगात पडला की कोणाच्या वावरातला कोणता, हे सांगता येत नाही. शेतकरी उत्पादक कंपनीचा माल वेगळा जिन होत असेल, तर तिथून सुरुवात करा.

मग प्रश्न येतो रुई आणि सरकी यांच्यात उत्सर्जनाच्या वाटणीचा. वजनाने वाटलं तर रुईवर एक तृतीयांश भार येतो, किमतीने वाटलं तर कितीतरी जास्त. दोन्ही पद्धती चालतात. पण पद्धत लिहून ठेवा आणि आकडा चांगला दिसावा म्हणून पुढच्या वर्षी ती बदलू देऊ नका. तसा आग्रह होतो, तेव्हा ठाम राहायचं.

कपातीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. नुसतं "युरिया निम्मा करा" असं सांगणं घातक आहे. एक थैली कमी झाली आणि उत्पन्नही निम्म्यावर आलं, तर गाठीमागचे २४४ किलो तसेच राहतात आणि कास्तकाराचं घर बसतं. माती परीक्षणानुसार मात्रा, ओल बघून हप्त्यांत विभागणी आणि पऱ्हाटी (वेचणीनंतर उरलेली कापसाची झाडं) न जाळता तिचा वापर, ही कामं उत्पन्न सांभाळून होतात. त्यांचा खर्च खरेदीदाराने उचलावा, कारण कपात त्याच्या अहवालात दाखवली जाणार आहे. प्रस्ताव लिहिताना ही ओळ मी दरवेळी घालतो, तुम्हीही घाला.

सुरुवात करायला मोठी फी भरायची गरज नाही. स्कोप ३ चं मानक विनामूल्य उतरवून घेता येतं, एक्सेल पक्कं करा, एखाद्या उत्पादनामागचं उत्सर्जन मोजण्याचं मानक आयएसओ १४०६७ कशाबद्दल आहे तेवढं समजून घ्या. मग घरच्या किंवा ओळखीच्या एका वावराचा आणि एका जिनिंगचा एका हंगामाचा तक्ता बनवा. प्रत्येक आकड्यापुढे तो पावतीवरून आला, आठवणीतून आला की गृहीत धरला, हे लिहा. मी उमेदवारांशी बोलतो तेव्हा सर्टिफिकेटच्या आधी हाच रकाना बघतो.