वर्गात व्हिडिओ करताय? आधी आवाज सांभाळा

वर्गात व्हिडिओ करायला शिकताय ना, मग कॅमेऱ्याचं नंतर बघू, आधी आवाज. चित्र थोडं अंधुक असलं तरी मुलं बघतात, पण पंख्याच्या घरघरीत सरांचं बोलणंच कळलं नाही की सोडून देतात. मी काय करतो, पंखा बंद, जुन्या फोनवर व्हॉइस रेकॉर्डर चालू करून तो शर्टाच्या खिशात, आणि दुसऱ्या फोनचा कॅमेरा सुरू झाला की समोर एक जोरात टाळी, मग काईनमास्टर या व्हिडिओ एडिटिंगच्या ॲपमध्ये दोन्हीकडची टाळी जुळवली की आवाज बरोबर ओठांवर बसतो, मूळ व्हिडिओचा आवाज म्यूट करायचा बस. उजेडासाठी खिडकी तुमच्या पाठीमागे नको, समोर हवी. आणि दोन्ही फोन एरोप्लेन मोडवर टाका हं, मध्येच कॉल आला तर सगळा धडा पुन्हा घ्यावा लागतो.