जुन्या आर्मी ट्रकसाठी इंजिन निवडताना
अमेरिकी लष्कराच्या एम३५ए२ ट्रकचं मूळ ७.८ लिटरचं मल्टिफ्युएल (डिझेलखेरीज इतर इंधनांवरही चालणारं) इंजिन गेलं, की सगळे आधी हॉर्सपॉवर विचारतात. त्याआधी आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाला फेरे, बघा. ही गाडी जेमतेम २,६०० आरपीएमच्या हिशोबाने बांधलेली. चार-साडेचार हजारांवर ताकद देणारं पेट्रोल इंजिन इथे नुसतं बोंबलेल. कमिन्सचं ५.९ लिटरचं जुनं डिझेल त्याच पट्ट्यात मुकाट ओढतं. फक्त ते पिकअपमधून निघालेलं नको. त्यावर बहुधा व्हॅक्यूम पंप असतो, आणि या ट्रकच्या ब्रेकला लागते दाबाची हवा. कमर्शियल ट्रकमधलं, एअर कॉम्प्रेसरसकट मिळालं तर चार पैसे जास्त गेले तरी चालतील. ट्रकची वायरिंग २४ व्होल्टची, म्हणून स्टार्टर-अल्टरनेटरही २४ व्होल्टचे लावावे लागतील. बेलहाऊसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच) जुळतंय का, हे मात्र पैसे मोजण्याआधीच मापून घ्या.