गाडी ऑईल खाते: इंजिन बांधायला देण्याआधी

गाडी ऑईल खायला लागली की पहिला सल्ला मिळतो इंजिन बांधण्याचा, म्हणजे उघडून पिस्टनच्या रिंगा वगैरे बदलण्याचा. बऱ्याचदा तो घाईचा असतो. अडकलेला पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातले वायू परत इनटेकमध्ये सोडणारा) किंवा कडक झालेली व्हॉल्व्ह सीलं (व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑईल खाली उतरू न देणारी) यांनीसुद्धा तितकंच ऑईल जातं. म्हणून आधी मोजा, मग गळती बघा, मग धूर नेमका कधी येतो ते बघा. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवायचा विषय त्यानंतरचा.

मोजण्यासाठी गाडी दर वेळी त्याच सपाट जागी उभी करा आणि इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा. डिपस्टिक काढून पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढून बघा. वरच्या खुणेपर्यंत ऑईल भरून किलोमीटर लिहून ठेवा. १००० किमीनंतर त्याच खुणेपर्यंत यायला किती मिली लागतं ते मापाच्या भांड्याने मोजा. एकदम ओतू नका. २०० मिली टाका, पाच मिनिटं थांबा, परत बघा. खुणेच्या फार वर गेलं तर क्रँक ऑईल घुसळतो, फेस होतो आणि ते ब्रीदरच्या (इंजिनातले वायू बाहेर काढणाऱ्या) पाइपातून इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेत, जाऊन जळतं. जास्त भरल्यामुळेच ऑईल खाणाऱ्या गाड्या कमी नाहीत.

काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये १००० किमीला १ लिटरपर्यंतचा खप चालेल असं लिहिलेलं असतं. ही मर्यादा फारच सैल आहे. जुन्या गाडीत २००-३०० मिलीची चिंता नको, अर्धा लिटर झाला की कारण शोधायला लागा. नागपुरात ऋतू आणि रस्ताही धरावा लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगाने तासन्‌तास चालवलेली गाडी, डिसेंबरात शहरातच धंतोली-सीताबर्डी करणाऱ्या गाडीपेक्षा जास्त ऑईल खाणारच. तुलना सारख्या वापराचीच करा. डिझेल गाडीत पातळी उलट वाढत असेल तर ऑईलमध्ये बहुधा डिझेल मिसळतंय. अशी गाडी चालवत राहू नका.

गळतीसाठी रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरा. टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग, फिल्टरची रबरी रिंग, ड्रेन बोल्टचा वॉशर, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातलं मागचं क्रँक सील, या जागा तपासा. इंजिन पुसून घेऊन ५० किमीनंतर बघितलं तर ताजा ओघळ लगेच दिसतो.

आता पीसीव्ही व्हॉल्व्ह. तो टॅपेट कव्हरवर किंवा इनटेक मॅनिफोल्डजवळ असतो. काढून कानाजवळ हलवा, आत टकटक वाजायला हवं. इंजिन आयडलवर असताना त्याच्या तोंडावर बोट ठेवा, ओढ जाणवायला हवी. उघडा अडकला तर ऑईलचा फवारा थेट इनटेकमध्ये जातो. बंद अडकला तर क्रँककेसमध्ये दाब साठून सीलांतून ऑईल बाहेर पडतं. उष्णतेने तडकलेला त्याचा रबरी पाइपही सोबतच बदला. काही गाड्यांत हा भाग टॅपेट कव्हरमध्येच बसवलेला असतो, मग अख्खं कव्हर बदलावं लागतं.

यात काही सापडलं नाही तर धुराची वेळ बघा. सकाळी स्टार्ट करताच निळ्या धुराचा एक भपका येऊन थांबला, तर संशय व्हॉल्व्ह सीलांवर. दुसरी खूण: वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावरून उतरताना गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडा, खाली आल्यावर दाबा आणि मागच्या गाडीतल्या माणसाला सायलेन्सरकडे बघायला सांगा. तेवढ्यात भपका निघाला तर पुन्हा सीलंच. जोर देताना सतत निळा धूर आणि ऑईलचं झाकण उघडल्यावर फसफस बाहेर येणारं बॅक कॉम्प्रेशन (रिंगांवरून खाली निसटलेला दाब) म्हणजे दोष पिस्टनच्या रिंगांचा. टर्बो गाडीत इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणाऱ्या भागाचा) पाइप काढा. नुसता ओलसरपणा चालतो, ऑईल साचलेलं असेल तर टर्बोचं सील किंवा ब्रीदर तपासा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेत धूर स्वच्छ करणारा भाग) असलेल्या गाडीत धूर फारसा दिसतही नाही, म्हणून स्पार्क प्लग काढून काळा, ओला थर आहे का बघा.

कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधल्या दाबाची मोजणी, गरम इंजिनावर, सगळे प्लग काढून, इंधन आणि इग्निशन बंद करून, थ्रॉटल पूर्ण उघडून करतात. पेट्रोल इंजिनात साधारण १५०-१८० पीएसआय यायला हवं. सिलिंडरांमधला फरक १५ टक्क्यांच्या वर नको. जिथे कमी येतं तिथे ५ मिली ऑईल टाकून परत मोजा. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. पण इथे एक फसगत होते: आकडे उत्तम येतात आणि गाडी तरीही ऑईल खाते. तिसरी रिंग, म्हणजे ऑईल रिंग, कार्बनने जाम झाली तर कॉम्प्रेशन बिघडत नाही. ऑईल बदलायला उशीर करणाऱ्या गाड्यांत हे हमखास दिसतं.

अशा वेळी पेट्रोल इंजिनात एक उपाय करून बघण्यासारखा आहे. पिस्टन शक्यतो मधल्या उंचीवर आणा, प्लगच्या भोकातून प्रत्येक सिलिंडरमध्ये ३०-५० मिली पिस्टन क्लीनर टाका आणि रात्रभर ठेवा. सकाळी प्लग न लावताच, वर कापड धरून, इंधन आणि इग्निशन बंद ठेवून सेल्फ मारा म्हणजे उरलेलं द्रव बाहेर पडेल. हे चुकवून प्लग लावले तर द्रव दाबलं न जाता कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. नंतर मोकळ्या जागी इंजिन चालवा, धूर निवला की ऑईल आणि फिल्टर लगेच बदला.

व्हॉल्व्ह सीलं बऱ्याच इंजिनांत हेड न उतरवताही बदलता येतात. प्लगच्या भोकातून हवेचा दाब दिला की व्हॉल्व्ह खाली पडत नाही. मिस्त्रीला व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो त्या व्हॉल्व्ह गाइडची ढिलाई तपासायला सांगा. गाइड झिजलेलं असेल तर नवी सीलं फार टिकत नाहीत.

जाड ऑईलचा मोह आवरा. मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० सोबत १०डब्ल्यू-४० ची मुभा असेल तर उन्हाळ्यात ते जरूर वापरा. पण ०डब्ल्यू-२० च्या इंजिनात २०डब्ल्यू-५० ओतलं तर बारीक वाटांतून ते वेळेत वर पोहोचत नाही. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या बीएस-६ डिझेलला कमी राखेचं, मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच ऑईल घाला.

रिंगा बदलायची वेळ आलीच, तर त्याआधी एअर फिल्टरची पेटी उघडा. फिल्टरच्या पुढच्या, स्वच्छ बाजूच्या पाइपात बोट फिरवून बघा. बोटाला किरकिर लागली तर क्लिप तुटली आहे किंवा फिल्टर नीट बसत नाही. तीच धूळ बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, घासते, आणि ती वाट बंद केल्याशिवाय नव्या रिंगाही जुन्यांसारख्याच जातील.